पडीक म्हटलेला माळ

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला, की चाकणपर्यंत दोहो बाजूंना कारखान्यांच्या भिंती, गोदामांचे पत्रे आणि मालमोटारींच्या रांगा यांखेरीज प्रवाशाच्या नजरेस फारसे काही पडत नाही. क्वचित दोन भिंतींच्या मधे एखादा मोकळा तुकडा दिसतो. पिवळे पडलेले गवत, चार बोरी-बाभळी, उघडा पडलेला काळा खडक आणि त्यावर चरणारी दहावीस मेंढरे. पाहणारा सहज म्हणून जातो, की ही जमीन पडीक आहे. येथे अजून काही झालेले नाही. या एका उद्गारात एका संपूर्ण भूप्रदेशाविषयीचे अज्ञान सामावलेले आहे. ज्या जमिनीविषयी तो काढला जातो, तिच्यावर साडेसहा कोटी वर्षे काही ना काही घडत आलेले आहे. ते वाचून दाखविणारा कोणी भेटला नाही, एवढाच तिचा दोष.

पुणे परिसरात निसर्गभ्रमणाची हौस नवी नाही. गडकोटांच्या वाऱ्या, घाटातील धबधबे, भिगवणचे रोहित पक्षी यांसाठी दर आठवड्यास शेकडो माणसे बाहेर पडतात. त्यांत पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतील तंत्रज्ञ, कामगार आणि त्यांची मुले मोठ्या संख्येने असतात. परंतु निसर्ग पाहण्यासाठी दूर गेले पाहिजे, तो हिरवा, उंच आणि ओला असला पाहिजे, अशी एक समजूत या हौसेच्या मुळाशी आहे. माळ या व्याख्येत बसत नाही. तेव्हा जाणकार वाटाड्याच्या सोबतीने घराशेजारच्या माळावरून दोन-तीन तास पायी हिंडावे, खडक वाचावा, गवत ओळखावे, पाखरे पाहावी, ही कल्पना अनेकांना विचित्र वाटेल. प्रत्यक्षात या औद्योगिक पट्ट्याला आज तिचीच सर्वांत अधिक गरज आहे.

खडकाची बखर

अशा फेरीचा आरंभ वनस्पतींपासून न करता दगडापासून करावा लागतो. कारण माळ हे मुळात खडकाचे अपत्य आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज या दख्खनच्या काळ्या पत्थराने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य एका ओळीत संपते. परंतु महामार्गासाठी कापलेल्या एखाद्या टेकाडापाशी उभे राहून वाटाड्याने बोट दाखविले, की तेच वाक्य डोळ्यांसमोर उभे राहते. खाली घट्ट, काळा, उभ्या भेगा गेलेला पत्थर. त्याच्यावर बारीक छिद्रांनी भरलेला, ठिसूळ होत चाललेला भाग. आणि मधेच विटेसारखा तांबडा पट्टा. छिद्रे म्हणजे थिजत्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. तांबडा पट्टा म्हणजे दोन प्रवाहांच्या मधल्या विश्रांतीत हवापाण्याने झिजून तयार झालेला पृष्ठभाग. पुढचा प्रवाह आला आणि तो गाडला गेला.

त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांतून पुढे लक्षावधी वर्षे पाणी झिरपत राहिले आणि त्यातील क्षारांचे स्फटिक जमत गेले. लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. त्यांतील झिओलाइट वर्गाची खनिजे आणि वाघोलीच्या दगडखाणींत सापडणारे कॅव्हनसाइट नावाचे गर्द निळे खनिज यांसाठी जगभरचे संग्राहक पुण्याचे नाव घेतात. ज्या खाणीचा दगड फोडून कारखान्याचा पाया भरला जातो, तिच्याच दगडात हे वैभव असते, याचा पत्ता खडी वाहणाऱ्याला नसतो आणि पाया घालणाऱ्यालाही नसतो.

या खडकाने येथील जीवनाची चौकट कशी आखली, हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखे आहे. पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या काठांवर काळी, खोल माती साचली; तेथे गावे वसली, आणि पिंपरी, चिंचवड यांसारखी झाडांची नावे त्यांना मिळाली. दोन नद्यांच्या मधे जो उंचवटा राहिला तेथे मात्र वीतभर मुरमाड माती आणि तिच्याखाली सलग पत्थर. नांगर तेथे चालत नाही. पवना आणि इंद्रायणी यांमधल्या अशाच उंचवट्यावर भोसरी-निगडीचा प्रदेश आहे. इंद्रायणी आणि भामा यांच्या मधे चाकणचा. गावांनी हा भाग गुरांसाठी, मेंढरांसाठी आणि देवासाठी मोकळा ठेवला. पुढे उद्योगांना जागा हवी झाली, तेव्हा हाच मोकळा भाग सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्त हाती लागला.

पर्जन्यमानही या चौकटीचाच भाग आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरील पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो. आणि बारामती-दौंडकडे पाचशेचा आकडा गाठणेही कठीण होते. घाटाच्या पदरातील रानापासून पूर्वेच्या कोरड्या गवताळ मुलखापर्यंतचे हे सारे स्थित्यंतर एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते. पिंपरी-चिंचवड या संक्रमणाच्या ऐन उंबरठ्यावर वसलेले आहे.

गवताचे राज्य

पातळ माती, चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांचे ऊन ही परिस्थिती झाडाला प्रतिकूल असली तरी गवताला मानवते. माळावरच्या गवतांत पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी अशा कितीतरी जाती एकमेकींच्या शेजारी नांदतात, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो. कुसळी चालणाऱ्याच्या कपड्यांना टोचते म्हणून बदनाम आहे. परंतु तिचे एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकला, की ते आपोआप पीळ सोडीत फिरू लागते. पहिल्या पावसाच्या ओलाव्याने हीच क्रिया जमिनीवर घडते आणि गिरमिटाप्रमाणे फिरणारे कुसळ आपल्या टोकाशी असलेले बीज मातीत रोवते. यंत्रांच्या नगरीतील मुलांना दाखवावे असे हे यंत्र आहे; त्याला वीज लागत नाही आणि ते दरवर्षी फुकट मिळते.

गवताचे खरे वैभव जमिनीखाली असते. उन्हाळ्यात वरचे पाते वाळून जाते, गुरे ते खातात, क्वचित वणवा लागतो. मुळांचे जाळे मात्र जिवंत राहते. ते मुरूम धरून ठेवते, पावसाचे पाणी वाहून जाण्याआधी त्याला क्षणभर थोपवते आणि खडकाच्या भेगांतून खाली जाऊ देते. माळाच्या पायथ्याच्या विहिरींना पाझर लागतो तो पुष्कळदा या वरच्या गवताच्या कृपेने. हवेतला कार्बन गवताळ प्रदेशात मुख्यतः मातीत साठविला जातो. त्यामुळे आगीने वा कुऱ्हाडीने तो एकाएकी मोकळा होत नाही. नांगराने, यंत्राने किंवा काँक्रीटने माती उलथली, तर मात्र होतो.

माळावरचे प्राणिजीवन उघड्यावरचे आहे. म्हणूनच ते लपलेले असते. धाविक पक्षी घरटे बांधीत नाही. खडे आणि माती यांच्या रंगाची दोन-तीन ठिपकेदार अंडी तो उघड्या जमिनीवर घालतो. चार पावलांवरून जाणाऱ्या माणसाला ती दिसत नाहीत. टिटवी, चंडोल, लावा, तित्तिर, पखुर्डी हे सारे जमिनीवर वाढणारे पक्षी. हिवाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, दिवसभर माळावर टोळ आणि उंदीर शोधीत फिरतात आणि रात्री झाडाऐवजी गवतातच मुक्काम करतात. उन्हाळ्याच्या अखेरीस एखाद्या दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडून दाखविणारा सरडा याच मुलखातला. त्याच्या गटाला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला आणि तिचे नाव ठेवले ‘सरडा’. मराठी बोलीतला एक साधा शब्द अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात जाऊन बसला. मराठी शाळांतील किती मुलांना हे ठाऊक असेल?

लांडग्याची गोष्ट याहून जुनी आहे. मुंबई सरकारचा आकडेवारी-अधिकारी म्हणून दख्खनमध्ये हिंडणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ साली येथील लांडग्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘फिकट पायांचा’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. भारतीय लांडगा आजही त्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे या प्राण्याची जगाला झालेली शास्त्रीय ओळख दख्खनच्या माळावर झाली. आज देशभरात तो तीन हजारांच्या आसपास उरला असावा असा अंदाज आहे. पुणे जिल्ह्यात सासवड, दौंड, बारामती, इंदापूर या पूर्वेकडच्या माळांवर तो अद्याप टिकून आहे. तरस, खोकड आणि चिंकारा त्याचे सोबती आहेत. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर.

माळाने ज्याला आपले नाव दिले तो माळढोक मात्र हातचा गेल्यासारखाच आहे. मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाच्या बंदुकीला जेवढे पक्षी बळी पडले, तेवढे आज साऱ्या जगात नाहीत. त्याच्या रक्षणासाठी नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले. कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात असंख्य गावे, शेते आणि रस्ते आले. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांच्या मनात पक्ष्याविषयीच रोष निर्माण झाला, आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माणसांना समजावून न घेता, त्यांना सोबत न घेता कागदावर ओढलेल्या रेषा पक्ष्याला वाचवीत नाहीत, हा धडा या उदाहरणात आहे.

‘पडीक’ हा शिक्का

एवढे सारे असूनही माळाला पडीक कोणी ठरविले? याचे उत्तर महसुलाच्या दप्तरात सापडते. ब्रिटिश जमाबंदीच्या दृष्टीने जमिनीचे दोनच प्रकार महत्त्वाचे होते: सारा देणारी आणि न देणारी. जी पिकत नाही, ती निरुपयोगी. आजही सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ हा शब्द त्या दृष्टीची साक्ष देतो. केंद्र सरकारने २००० साली देशातील पडीक जमिनींची पहिली नकाशावही प्रसिद्ध केली. पुढे तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. खुरट्या झुडपांचा मोकळा मुलूख तीत ‘पडीक’ या सदरात मोडतो. एकदा हा शिक्का बसला, की त्या जमिनीचा कोणताही वापर हा सुधारणा ठरतो. कारखाना आला तरी सुधारणा, भूखंड पाडले तरी सुधारणा आणि झाडे लावली तरी सुधारणाच.

या शिक्क्यामागे आणखी एक गृहीत आहे. येथे पूर्वी घनदाट अरण्य होते, ते माणसाने तोडले आणि मग माळ उरला, असे पुष्कळ सुशिक्षितांना मनापासून वाटते. पुरावा मात्र निराळे सांगतो. जळगाव जिल्ह्यात पाटणे येथे १९७२-७३ च्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले. त्यांतील एकावर नक्षी कोरलेली होती. त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा घनदाट जंगलात राहणारा पक्षी नाही. अलीकडे, २०२५ मध्ये, आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांतील आणि लोकसाहित्यातील वनस्पतींचे उल्लेख गोळा करून तपासले. तरवड, हिवर, बाभूळ, खैर अशा उघड्या माळावरच्या वनस्पतींचे त्यांत प्राबल्य आढळले. पश्चिम महाराष्ट्रातील हे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे जुने आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. महानुभावांच्या काळापासून ज्याची नोंद मराठीत होत आली आहे, त्याला तुटलेल्या जंगलाचा अवशेष म्हणणे हा भूगोलावर आणि भाषेवरही अन्याय आहे.

धनगरांच्या ओव्यांत तर माळ हा देवाचाच मुलूख आहे. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या उपासनेचा अभ्यास करणारे जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनी या मेंढपाळ संस्कृतीचा माळाशी असलेला नातेसंबंध १९७६ च्या आपल्या ग्रंथात उलगडून दाखविला. लांडग्याने एखादे कोकरू नेले तर तो त्याचा वाटा, असे मानणारे धनगर आजही भेटतात. ज्या समाजाने या भूमीला कधी पडीक म्हटले नाही, त्याच्या चराईच्या वाटा आता कुंपणांनी अडल्या आहेत.

कारखाने आणि झाडे

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उद्योग आले हे वाईट झाले, असे म्हणणे शहाणपणाचे नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. पुढे मोटारउद्योगाचा ओघ चाकणकडे वळला. मराठवाड्याच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या हजारो कुटुंबांची चूल या कारखान्यांनी पेटविली. नदीकाठच्या काळ्या जमिनीऐवजी माळावर कारखाने यावेत, हा त्या काळचा विचारही शेतीच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. परंतु माळाचीही काही किंमत आहे हे हिशेबातच धरले गेले नाही. आणि जे हिशेबात नाही ते संपूर्ण संपेपर्यंत संपते.

गायरानाचा प्रश्न यातूनच पेटत आलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये गावच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य शासनाने गायरानांच्या वाटपावर निर्बंध घातले. चाकणजवळ शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकल कंपनीच्या नियोजित संशोधन केंद्राविरुद्ध २००८ मध्ये ग्रामस्थ आणि वारकरी रस्त्यावर उतरले आणि अखेर ते केंद्र तेथे झाले नाही. त्या आंदोलनात प्रदूषणाची भीती होती, तशीच गावच्या सामाईक जमिनीविषयीची आस्थाही होती. तुकोबांच्या चिंतनाने पुनीत मानलेले भामचंद्र आणि भंडारा हे डोंगर याच टापूत आहेत. माळ आणि डोंगर यांचे मोल या प्रदेशाला उमगत नाही, असे म्हणता येत नाही. जे उमगते ते नकाशात आणि नियमात उतरत नाही.

माळाचा दुसरा शत्रू मित्राच्या वेषात येतो. तो म्हणजे सरसकट वृक्षारोपण. राज्यात २०१६ पासून झाडे लावण्याच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९ मध्ये तर ३३ कोटींचे लक्ष्य ठेवण्यात आले. एवढी झाडे लावायची कोठे? शेतकरी आपली जमीन देत नाही. वस्तीत जागा नाही. तेव्हा दृष्टी वळते ती मोकळ्या माळाकडे आणि उघड्या टेकड्यांकडे. जेसीबीने चर खोदले जातात, वीतभर मातीचा थर उलथला जातो आणि गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी बाहेरून आणलेली, झटपट वाढणारी झाडे लावली जातात. पाणी घालणारा हात थांबला की त्यांतील पुष्कळ मरतात. जी जगतात त्यांच्या सावलीत गवत मरते. उंच झाड म्हणजे कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला टेहळणीची जागा. मग उघड्यावर अंडी घालणारा धाविक आणि चंडोल तेथे राहत नाहीत. हेतू उदात्त असतो, घाम खरा असतो, आणि परिणाम मात्र एका जिवंत परिसराच्या नाशाचा होतो. नदीकाठी, गावठाणात, रस्त्याच्या कडेला, घाटाच्या पदरात झाडे अवश्य लावावीत. पिंपरीच्या टेल्को कारखान्याच्या आवारात सुमंत मुळगावकर यांनी झाडे आणि तळे यांच्या साहाय्याने पाखरांना आश्रय मिळवून दिला. हे उदाहरण अनुकरणीयच आहे. परंतु जे तेथे शोभले ते प्रत्येक माळावर शोभेल असे नाही.

वाटाड्याचे काम

अशा स्थितीत दोन-तीन तासांच्या पायी फेरीने काय साधणार, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याला अमेरिकेचे उत्तर देता येईल. तेथील उंच गवताची प्रेअरी एकेकाळी मध्यवर्ती राज्यांत शेकडो मैल पसरलेली होती. १८३७ मध्ये जॉन डिअरचा पोलादी नांगर आला आणि काही दशकांत तिची बहुतेक जमीन मक्याखाली गेली. आज मूळ उंच-गवताळ प्रदेशाचा चार टक्क्यांइतकाही भाग उरलेला नाही. तेथे नांगराने जे केले ते येथे कारखाना आणि भूखंड करीत आहेत. मात्र शिकागोच्या नैर्ऋत्येस जोलिएट येथे एक विलक्षण गोष्ट घडली. दारूगोळ्याच्या प्रचंड सरकारी कारखान्याची जमीन तो बंद पडल्यावर १९९६ मध्ये राष्ट्रीय प्रेअरी म्हणून राखून ठेवण्यात आली, गवताची पेरणी सुरू झाली आणि २०१५ मध्ये तेथे गवे सोडण्यात आले. एका औद्योगिक भूमीवर गवत परत आणण्याचा हा खटाटोप लोकांनी मान्य केला. कारण त्या राज्यात स्वयंसेवक आणि शिक्षक मुलांना प्रेअरीवर हिंडवीत आलेले होते. ज्याचे नाव माहीत असते त्याचीच उणीव भासते.

महाराष्ट्रातही आरंभ झालेला आहे. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केली असून गावातील तरुण तेथे वाटाडे म्हणून काम करतात. लांडगा दाखवून गावाला चार पैसे मिळतात, हे ज्या दिवशी गावाला कळते त्या दिवसापासून त्याच्या बिळापाशी पहारा बसतो. चाकण-पिंपरीच्या माळांवर आज लांडगा दाखविता येणार नाही. पण खडक, गवत, सरडा, चंडोल आणि भोवत्या यांनी सकाळ सहज भरून जाईल. त्यासाठी जीप लागत नाही, तिकीट लागत नाही. शाळेच्या आणि कारखान्याच्या सुटीचा एक दिवस आणि एक जाणता माणूस पुरतो. तो जाणता माणूस विद्यापीठातलाच असावा असेही नाही. गवताची नावे, कोणते गवत मेंढरू आधी खाते आणि कोणते शेवटी, पाखरू कोठे बसते आणि पाणी कोठे मुरते, हे सांगणारा धनगर याच माळावर काठी टेकून उभा असतो. भूशास्त्राचा अभ्यासक आणि तो, असे दोघे बरोबर चालले, तर या प्रदेशाचे शिक्षण पूर्ण होईल.

अर्थात फेरीलाही शिस्त हवी. लांडग्याच्या बिळापर्यंत गाड्या नेणारे, पिले उचलून छायाचित्रे काढणारे आणि अंड्यांवर पाय देणारे हौशी लोक माळाला कारखान्यापेक्षा कमी धोक्याचे नाहीत. कचरा टाकून गेलेल्या पर्यटकामागे भटकी कुत्री येतात. ती रोग आणतात आणि लांडग्याशी संकरही करतात. पुण्याजवळच्या माळावर अशा संकराचा जनुकीय पुरावा मिळाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून लहान गट, पायी चालणे, विणीच्या हंगामात ठरावीक वाट न सोडणे आणि आणलेले सारे परत नेणे, हे नियम वाटाड्याने कसोशीने पाळवून घेतले पाहिजेत.

एवढ्याने भागणार नाही हे खरे. महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि वनखाते यांनी या पट्ट्यात उरलेल्या माळांची पाहणी केली पाहिजे. आणि ती करताना किती झाडे आहेत एवढेच न पाहता गवत कोणते आहे आणि त्यात काय राहते, हे नोंदविले पाहिजे. औद्योगिक वसाहतींत मोकळ्या ठेवलेल्या जागांपैकी काही गवत म्हणूनच राखता येतील. त्यांवर माती ओतून हिरवळ करण्याची गरज नाही, खर्चही नाही. वृक्षारोपणाची जागा निवडण्याआधी ती मूळची गवताळ आहे की झाडांची, हा प्रश्न विचारणे बंधनकारक व्हावे. गायरानाची एखादी तरी सलग पट्टी दर पाच-दहा गावांमागे अभंग राहावी. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ प्रदेशांचे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले. या निर्णयाला स्थानिक अर्थ द्यायचा असेल तर तो येथे देता येईल.

पण या साऱ्या मागण्या करणार कोण? ज्याने माळ पाहिला आहे, तोच. नोकरशहाच्या टेबलावर ‘पडीक’ असे लिहिलेला कागद येतो, तेव्हा त्यावर हरकत घेणारा नागरिक लागतो. आणि असा नागरिक पुस्तकाने क्वचित, पायांनी अधिक घडतो. चाकणच्या एखाद्या शाळेतील मुलीने तळहातावर फिरणारे कुसळ एकदा पाहिले, तिच्या घराच्या पायाखालचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ आणि तांबडालाल होता हे तिला एकदा उमगले, की पुढे कधीतरी भूखंडाच्या नकाशावर बसल्यावर ती त्या जमिनीला रिकामी म्हणणार नाही. औद्योगिक पट्ट्यातील उरलेला माळ वाचविण्यासाठी तूर्त एवढीच फौज उपलब्ध आहे, आणि ती उभी करण्याचा खर्च फार नाही. मात्र माळ वर्षागणिक आटत आहे. वाटाडे तयार होतील तोवर चालण्याजोगी जमीन शिल्लक राहिली पाहिजे.